लॅपटॉप सुरू होतो, पण पडदा काळाच : घाबरण्याआधी काय तपासावे?

आपल्या दुकानांतील वही-खाते आता लॅपटॉपवर आले आहे. उधारी, मालाची आवक-जावक, जीएसटीची बिले, सर्व काही त्यातच. महिन्याचे जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरायचे असते. उशीर झाला तर रोजचा दंड आणि राहिलेल्या करावर १८ टक्के व्याज. अशा दिवशी पडदा काळा राहिला की आपण दुरुस्तीवाल्याकडे धावतो आणि तो "फॉरमॅट मारावे लागेल" म्हणाला की मान डोलावतो. फॉरमॅट म्हणजे साठवलेला मजकूर पुसणे. म्हणून व्यापारी बंधूंनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : पडदा वेगळा, हिशेब साठवणारी डिस्क वेगळी. पडदा गेला म्हणजे हिशेब गेला असे नव्हे.

१) यंत्र चालू आहे का? पंख्याचा आवाज ऐकावा. थोड्या वेळाने कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र बहुधा चालू आहे, फक्त दिसत नाही. तसे नसेल तर चार्जर, प्रिंटर, पेन ड्राइव्ह सर्व काढावे. बॅटरी सहज निघणारी असेल तर तीही काढावी. सुरू करण्याचे बटण ३० सेकंद दाबून धरावे. मग बॅटरी बसवून, फक्त चार्जर लावून पुन्हा सुरू करावे.

२) दोष पडद्याचा आहे का? मोबाईलची टॉर्च पडद्यावर तिरपी धरावी. अंधुक अक्षरे दिसली तर आतला उजेड गेला आहे. एचडीएमआय तारेने घरचा टीव्ही जोडावा व विंडोज आणि पी ही बटणे दाबून पाहावीत. टीव्हीवर चित्र आले तर विवरणपत्र तिथेच भरून घ्यावे, दुरुस्ती नंतर. झाकण हलवल्यावर चित्र येत-जात असेल तर बिजागरीतून जाणारी तार तपासून घ्यावी.

३) कंपनीचे चिन्ह दिसून मग काळोख होतो का? तर पडदा ठीक आहे. दोष बहुधा विंडोजमध्ये किंवा डिस्प्ले ड्रायव्हरमध्ये. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबावे. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तरीही काळोख राहिला तर विंडोज सुरू होत असतानाच बटण दाबून धरून यंत्र बंद करावे. असे दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तेथे ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट या क्रमाने जाऊन ४ दाबले की सेफ मोड उघडतो. मग डिव्हाइस मॅनेजरमधून डिस्प्ले ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्यावा. काही यंत्रे या वेळी ४८ अंकी बिटलॉकर किल्ली मागतात. ती आजच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून वहीत उतरवून ठेवावी.

इतके करूनही काम झाले नाही तर दुरुस्तीवाल्याला आधी रॅम काढून पुन्हा बसवायला सांगावे. फॉरमॅटचा विषय निघाला तर डिस्कमधील मजकुराची नक्कल आपल्या हातात पडेपर्यंत होकार देऊ नये. त्या खात्यात आपलाच पैसा नाही, गिऱ्हाइकाची जमा आणि विणकराची मजुरीही आहे. ती आपल्याकडे अमानत आहे. दर आठवड्याला खात्याची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तो दुकानात न ठेवता घरी ठेवावा.