सुट्टीत गणिताचा क्लास लावावा का?

प्रश्न : मुलगा पाचवी पास झाला, पण भागाकारात फार चुकतो. सुट्टीत सहावीचा क्लास लावावा का? – एक पालक, सांगली

उत्तर : सहावीची घाई करू नका. आधी गाडी नेमकी कुठे अडते ते शोधा. त्याला ८१६ भागिले ८ करायला द्या. उत्तर १२ आले, तर पाढे येतात, पण स्थानिक किंमत कच्ची आहे. ८ शतकांना ८ ने भाग गेला, १ दशकाला ८ ने भाग जात नाही, म्हणून तिथे शून्य मांडायचे आणि मग १६ ला भाग द्यायचा, उत्तर १०२. हे त्याला शंभर, दहा आणि एक रुपयाच्या खेळातल्या नोटा वाटून दाखवा. ‘१०२ गुणिले ८ किती?’ हा पडताळाही त्यालाच करू द्या.

रोज सकाळी उन्हं तापायच्या आत अर्धा तास पुरे. तीन-चारच गणिते, त्यातले एक मागच्या आठवड्यातले. चौथी-पाचवीची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

संशोधक हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतील अभ्यासांचा आढावा घेतला. सुट्टीत वाचनापेक्षा आकडेमोड जास्त विसरली जाते, असे त्यात दिसले. म्हणून थोडा, पण नियमित सराव हवा.

तीन आठवड्यांनीही तीच चूक होत असेल, तर शिकवणी जरूर लावा. मात्र मुले मोजकी असावीत आणि शिक्षकांनी त्याची वही रोज तपासावी. उरलेला दिवस त्याला मनसोक्त खेळू द्या. तो त्याचा हक्कच आहे.