खारं पाणी वावरात सोडण्याआधी

पावसानं दडी मारली, पऱ्हाटीनं माना टाकल्या, की आमच्या दर्यापूरकडे कोणीतरी बोअरची गाडी बोलावतंच. माझ्या काकांनीही बोलावली होती. पाणी भरपूर लागलं, पण तोंडात धरवेना. "खारं आहे, पण पऱ्हाटी तं वाचन," काका म्हणाले. त्या साली वाचलीही. घाव कळला पुढच्या पावसाळ्यात. शेजारी डवरणी सुरू झाली तरी काकांच्या तासांत पाणी साचलेलंच. वरून वाळलं तेव्हा ढेकूळ कुदळीनं फुटेना आणि खाली चिखल तसाच. रब्बीत हरभऱ्याचे कोंब कडक पापुद्र्याखालीच जिरले.

अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात हा खारपाणपट्टा पसरला आहे. इथली खोल काळी माती पावसाची ओल पोटात धरून बिनपाण्याचा हरभरा पिकवते, एवढी तिची ताकद. पण खाऱ्या पाण्यातलं सोडियम तिच्या चिकण कणांवर बसलं की कण विखुरतात, छिद्रं बुजतात. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. पांढरे क्षार फुलले तरच जमीन बिघडली, असं मुळीच समजू नका. असं सोडियमनं चोपण झालेलं वावर वरून काळंभोरच दिसतं.

म्हणून आधी घरीच पाहा. काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्या, वाळलेलं छोटं ढेकूळ अलगद सोडा, ढवळू नका. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर सोडियमचा संशय धरा आणि माती व बोअरचं पाणी दोन्ही तपासून घ्या. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जवळच आहे. जिप्सम टाकायचं तर अहवालातल्या मात्रेनं, पावसाळ्याआधी, वरच्या थरात मिसळून. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, पण सुटलेलं सोडियम वाहून जायला गोडं पाणी आणि चर हवेतच. चराविना जिप्समवर पैसा घालू नका. जोडीला ढेंचा पेरून फुलावर येताच गाडा.

पैसा बोअरपेक्षा शेततळ्यात घाला. जी माती पाणी मुरू देत नाही, तीच तळ्यात पाणी धरते. बरेचदा प्लास्टिकचं अस्तरही लागत नाही. मात्र खालचं खारं पाणी लागेल इतकं खोल खणू नका. घाटे भरताना तळ्यातलं एक पाणी हरभऱ्याला मिळालं तरी पीक सावरतं.

झाडांचंही तसंच. वरुड-मोर्शीचा संत्रा पाहून इथं कलमं आणू नका; निचरा नसला की मुळं कुजतात. बांधावर बाभूळ, हिवर, कडुनिंब लावा आणि पहिले दोन उन्हाळे त्यांना तळ्याचंच पाणी द्या.