सीटखालची तार कोणाची?

चिंचवड

चि. सानिका,

म्युनिकला तुझं बस्तान नीट बसलं, हे ताईकडून कळलं. विकून झालेल्या गाडीतल्या सोयी दुरून चालू-बंद करणाऱ्या गटात तुला घेतलंय, हेही तिनेच सांगितलं. माझी सगळी नोकरी गाड्यांच्या वायरिंग हार्नेसमध्ये, म्हणजे तारांच्या जुडग्यांच्या कामात गेली. तेव्हा या कामाबद्दल मामाचं मत तू विचारलं नसलंस तरी ऐक.

सीट हीटरच घे. गादीत तापणाऱ्या तारेची जाळी, तापमान मोजणारा थर्मिस्टर आणि करंट सोडणारं कंट्रोल युनिट, इतकाच तो मामला. आमच्याकडे पूर्वी जादा सोयींच्या गाडीचं हार्नेस वेगळं आणि साध्या गाडीचं वेगळं असायचं. म्हणजे दोन पार्ट नंबर, दोन रॅक, आणि घाईत चुकीचं हार्नेस लागायची कायमची धास्ती. सगळ्या गाड्यांना एकच हार्नेस घातलं तर थोडं तांबं जास्त जातं, पण साठा आणि घोळ वाचतो. म्हणून सामान सरसकट घालायचं आणि ज्याने पैसे दिले नाहीत त्याची सोय लाइनच्या शेवटी कोडिंग करून बंद ठेवायची, ही रीत जुनी आहे आणि मला ती कधी गैर वाटली नाही. आता गाडीत सिम आलं. लाइनवर एकदाच लिहिलं जाणारं ते कोडिंग तुम्ही लोक ग्राहकाच्या दारात उभ्या असलेल्या गाडीत लिहू शकता, आणि त्याला मुदतही घालू शकता. फरक पडलाय तो या मुदतीने.

जुलै 2022 मध्ये बीएमडब्ल्यूच्या दक्षिण कोरियातल्या यादीत सीट गरम करायला महिना साधारण 18 डॉलर दिसले आणि जगभर ओरड झाली. 2023 च्या सप्टेंबरात कंपनीने ते भाडं सोडून दिलं. तेव्हाचे विक्रीचे संचालक पीटर नोटा यांचं म्हणणं असं होतं, की लोकांना दोनदा पैसे भरल्यासारखं वाटलं, प्रत्यक्षात तसं नव्हतं. त्यांची बाजू तुलाही माहीत असली पाहिजे. ज्याने सुरुवातीलाच हीटर विकत घेतला त्याला भाडं नव्हतं, आणि नंतर एकरकमी घ्यायचीही सोय होती. पहिल्या मालकाने न घेतलेली सोय दुसऱ्याला घेता येते, हा फायदाही खराच. तरीही मला लोकांचंच पटतं. त्या तारेचं वजन ग्राहकाची गाडी रोज वाहते, तिला तापवणारी वीज त्याच्याच बॅटरीतून जाते. कंपनीचं त्यात दर महिन्याला काय जातं?

हाच प्रश्न तू प्रत्येक सोयीला विचार. ताज्या रहदारीचे नकाशे, सिमचा डेटा, सर्व्हर यांचा खर्च महिन्यामागून महिना चालू असतो. त्याचं भाडं लावलं तर माझी तक्रार नाही. पण 2022 मध्ये मर्सिडीजने अमेरिकेत आपल्या विजेच्या गाड्यांचा वेग लवकर चढावा म्हणून वर्षाला 1,200 डॉलर मागितले. 2025 मध्ये फोक्सवॅगनने ब्रिटनमध्ये आयडी.3 ची ताकद 201 वरून 228 अश्वशक्ती करायला महिना साडेसोळा पौंड ठेवले. मोटर तीच, बॅटरी तीच. बीएमडब्ल्यूच्या दुकानात हाय बीम असिस्टंटसुद्धा भाड्याने होता, याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. समोरून येणाऱ्या परक्या माणसाचे डोळे दिपू नयेत म्हणून असलेली सोय ती. रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या जिवाशी जिचा संबंध आहे, अशा सोयीला मुदत घालायचं काम आलं तर स्पष्ट नकार दे आणि तो लेखी दे.

दडपण येईल, याची मला कल्पना आहे. जनरल मोटर्सने 2021 मध्ये गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की 2030 पर्यंत सॉफ्टवेअर आणि सेवांतून वर्षाला 20 ते 25 अब्ज डॉलर येतील. असे आकडे मजल्यामजल्याने खाली उतरतात आणि तुझ्यासारखीच्या टेबलावर येईपर्यंत ‘आणखी काय बंद ठेवता येईल?’ एवढाच प्रश्न उरतो. तू नवी आहेस म्हणून गप्प बसू नकोस. नव्या माणसाने विचारलेलं निदान ऐकून तरी घेतात.

दुसऱ्या मालकाचा विचार तुमच्या बैठकीत फारसा कोणी करत नसेल, तो तू कर. 2020 च्या सुरुवातीला अमेरिकेत एक प्रकरण गाजलं. टेस्लाची जुनी मॉडेल एस डीलरकडून घेतलेल्या माणसाच्या गाडीतली ऑटोपायलटची सोय, तो व्यवहार होण्याच्या सुमारास, कंपनीने दुरूनच काढून टाकली होती. बोभाटा झाल्यावर ती परत दिली. आपल्याकडे कितीतरी घरांत पहिली गाडी जुनीच येते. घेणारा माणूस बॉनेट उघडून इंजिन ऐकतो, टायर बघतो, कागदपत्रं तपासतो. गाडीतल्या सोयींचा परवाना कोणाच्या खात्यावर आहे हे त्याला कुठे दिसणार? गाडीच्याच पडद्यावर ते एका ठिकाणी लिहिलेलं असावं, असा आग्रह धर.

आणि एक गोष्ट उद्याच बघ. परवाना तपासणाऱ्या सर्व्हरशी गाडीचा संपर्क झाला नाही, किंवा पंधरा वर्षांनी कंपनीने तो बंदच केला, तर गाडीने ती सोय चालू धरायची की बंद, हे कोडमध्ये कोणीतरी ठरवलेलं असेलच. ते काय ठरलंय आणि कोणी ठरवलं, मला कळव. बंद ठरवलेलं असेल तर बदलून घेण्यासाठी कोणाशी बोलावं लागेल, तेही लिही. ती मागणी कशी मांडायची ते आपण फोनवर बोलू.

तुझा,
मामा