गोधडीचा भार टेबलावर हवा, खांद्यावर नको

थंडीची चाहूल लागली की दवाखान्यात एका ठरावीक दुखण्याच्या भगिनी येऊ लागतात. मान आखडलेली, खांदे भरून आलेले, मनगटात ठणका. विचारल्यावर कळते, घरी मशीनवर गोधड्या शिवणे चालू आहे. कोणी घरासाठी शिवते, कोणी चार पैसे मिळावेत म्हणून.

हाताने शिवायची गोधडी जमिनीवर पसरतात. त्यात गुडघे व कंबर दुखते, पण गोधडीचे वजन जमीन पेलते. मशीनवर वेळ वाचतो, मात्र ते वजन हातांवर येते. एक सुती साडी अर्ध्या किलोची धरली तरी सहा साड्यांची गोधडी ३ किलो भरते. मशीनचे दाते सुईखालचे कापड एकेक टाका सरकवण्यापुरते असतात. खाली लोंबणारी गोधडी ओढणे त्यांचे काम नव्हे. मग बाई खांदे उचलून दोन्ही हातांनी ती ओढत राहते. स्नायू असे सतत ताणलेले राहिले की त्यांना रक्तपुरवठा कमी पडतो आणि ते ठणकू लागतात. त्याच ओढीने सुई वाकते, मोडते व टाके लहानमोठे पडतात.

माझ्या एका रुग्णभगिनीचे घर याच कामावर चालते. ‘शिवण बंद करा’ हा सल्ला तिला देणे सोपे, पण पाळणे अशक्य. अशा वेळी कामाची मांडणी बदलावी लागते. ती अशी :

१) मशीनच्या डावीकडे व पलीकडे, मशीनच्याच उंचीचा आधार करा. जादा टेबल नसेल तर ट्रंकेवर घडी केलेल्या गाद्या रचून ती उंची गाठा. पलीकडचा आधार भिंतीला टेकवा, म्हणजे शिवलेला भाग मागे घसरणार नाही.

२) आधी धावदोरा घालून थर पक्के करा. उजवीकडचा अर्धा भाग घट्ट गुंडाळा. मधल्या ओळीपासून सुरुवात करून कडेकडे जा. दर ओळीगणिक गुंडाळी लहान होते. एक बाजू झाली की गोधडी फिरवून दुसरी घ्या.

३) न शिवलेला भाग मांडीवरून खाली लोंबू देऊ नका. तो सुईच्या अलीकडे टेबलावर सैल गोळा करून ठेवा आणि वीतभर शिवून झाले की थांबून पुन्हा सारखा करा.

४) कोपर काटकोनात व खांदे सैल राहतील एवढी बैठक उंच ठेवा. सुईवर भरपूर उजेड घ्या, म्हणजे मान वाकवावी लागणार नाही.

५) दर २०-२५ मिनिटांनी उठा. खांदे वर उचलून सैल सोडा, मान सावकाश दोन्हीकडे वळवा, मुठी उघडा-मिटा. प्रत्येक हालचाल दहा वेळा करा.

वर सांगितलेल्या भगिनीने मशीनशेजारी ट्रंका रचल्या. ती आजही शिवते. आता मानेमुळे तिची झोपमोड होत नाही.

काही लक्षणे मात्र अंगावर काढू नका. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होत असेल तर मनगटातील शीर दबत असावी. मधुमेही व्यक्तींचा खांदा आखडण्याचा संभव अधिक असतो. केस विंचरायला हात वर जाईना, तर लगेच दाखवा. आणि छातीत दडपण, घाम, दम यांसह हातात कळ आली, तर ती शिवणाची समजून बसू नका, तडक रुग्णालय गाठा. दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेणे जठराला व मूत्रपिंडांना घातक आहे.

आधार पुरेसा आहे की नाही, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. शिवताना थांबा व दोन्ही हात काढून घ्या. गोधडी जागची हलली नाही, तर मांडणी बरोबर आहे. ती खाली घसरू लागली, तर एवढा वेळ तिला तुमचे खांदे धरून होते!