दंड भरला की गाडी सुटते, कंपनीचे काय?

प्रश्न : वकीलसाहेब, माझे दोन दहा चाकी ट्रक आहेत. पासिंगप्रमाणेच माल भरतो, म्हणून भाड्यात मार खातो. आमच्याकडचा एक मोठा ट्रान्सपोर्टर फाळक्याच्या वर हातभर खडी भरतो आणि गोटा झालेल्या टायरवर गाड्या घाटातून उतरवतो. पकडला की दंड भरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ही कंपनीच बंद करता येत नाही का?
— एक ट्रकमालक, कराड

उत्तर : येते. पण आपला कायदा आधी गाडी धरतो, मग चालक-मालक. कंपनीपर्यंत पोचेतो दमलेला असतो.

दहा चाकीची मर्यादा 2018 पासून मालासकट 28.5 टन आहे. काटा 34.5 दाखवत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 रुपये आणि जादा सहा टनांचे 12,000, असे 32,000. चालकाने वजन करायलाच नकार दिला तर 40,000. म्हणजे दहा टनांहून जास्त भरणाऱ्याला काटा चुकवणे स्वस्त! असो. खरी धार पुढच्या ओळीत आहे : जादा माल उतरवल्याशिवाय गाडी जागची हलता कामा नये. सुप्रीम कोर्टानेही 2005 मध्ये हेच बजावले. पावती फाडून भरली गाडी सोडणे हेच बेकायदा आहे.

तुम्ही बोट ठेवायचे ते परमिटवर. वजनमर्यादा पाळणे आणि गाडी सुस्थितीत ठेवणे या कलम 84 प्रमाणे परमिटच्या अटीच आहेत. त्या मोडल्या तर कलम 86 खाली परमिट निलंबित किंवा रद्द होते. मात्र त्याच कलमात, परमिट रद्द करण्याऐवजी ठरवलेली रक्कम घेऊन प्रकरण मिटवण्याची सोयही आहे, आणि ती फार आवडती आहे. टायरसाठी वेगळा अर्ज करा. मुदत शिल्लक असली तरी आरटीओ फिटनेस रद्द करू शकते.

तो लोकांचा माल बिल्टीवर नेत असेल तर 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याखाली त्याची ‘कॉमन कॅरिअर’ म्हणून नोंदणी हवी. ओव्हरलोडबद्दल ही नोंदणीच जाऊ शकते, आणि इथे प्रथमच कंपनीला हात लागतो. स्वतःच्याच क्रशरची खडी वाहत असेल तर मात्र हा मार्ग बंद.

पळवाट तुम्हाला ठाऊक असेलच : बायकोच्या नावावर नवी फर्म, गाड्या त्याच, ड्रायव्हर तेच. अमेरिकेत अशा कंपन्यांना सरडे म्हणतात. तिथे कंपनीला स्वतंत्र क्रमांक असतो, तरीही रंग बदलतातच. म्हणून तक्रारीत फर्मचे नाव एकदा आणि गाड्यांचे नंबर सगळे लिहा. तारखा, फोटो, मिळाल्यास काट्याच्या पावत्या जोडा, आवक शिक्का घ्या. महिन्याभराने माहिती अधिकारात एवढेच विचारा : या नंबरांवर कलम 86 खाली किती नोटिसा काढल्या?