जिनोआतील पाहुणचार

परक्या नगरात दिवेलागणीला पाऊल टाकणाऱ्या प्रवाशाला त्या नगराचा इतिहास किंवा त्याचे वैभव प्रथम आठवत नाही. 'आज रात्री पाठ टेकायला जागा कोठे मिळेल?' हा एकच प्रश्न त्याच्या मनात असतो. या प्रश्नाला नगर जे उत्तर देते, त्यावरून त्या नगराची खरी ओळख पटते. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील जिनोआ या बंदराला हा प्रश्न शेकडो वर्षे विचारला गेला आहे. यात्रेकरूंनी विचारला, राजांनी विचारला, हातावर पोट असलेल्या मजुरांनीही विचारला. नगराची सगळीच उत्तरे सारखी नव्हती.

जिनोआची बैठक मोठी विलक्षण आहे. समोर लिगूरियन समुद्राचे निळे पाणी आणि पाठीशी अपेनाइन पर्वताची रांग. या दोहोंच्या मध्ये सपाट जागा ती किती असणार! म्हणून येथील घरे रुंदीने न वाढता उंचीने वाढली. सहा-सहा, सात-सात मजल्यांच्या इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. त्यांच्यामधील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत, की काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही बाजूंच्या भिंतींना बोटे लागावीत. या गल्ल्यांना तेथील लोक 'कारुज्जी' म्हणतात. भर दुपारीही त्यांत उन्हाची एखादीच तिरीप उतरते. वर पाहावे, तर एका खिडकीपासून समोरच्या खिडकीपर्यंत बांधलेल्या दोऱ्यांवर कपडे वाळत असतात आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मेरीमातेची लहानशी मूर्ती कोनाड्यात बसविलेली दिसते.

आज बहुतेक प्रवासी आगगाडीने येऊन 'प्रिंचिपे' स्थानकावर उतरतात. विमानप्रवास सर्रास होण्यापूर्वी मुंबईहून निघालेली इटालियन जहाजेही सुएझ कालवा ओलांडून, नेपल्सला थांबून जिनोआच्या बंदरात येत असत. युरोपात शिक्षणासाठी निघालेल्या कित्येक भारतीय तरुणांनी त्या खंडाच्या भूमीवर पहिले पाऊल टाकले ते येथेच. स्थानकाबाहेरच्या चौकात कोलंबसाचा संगमरवरी पुतळा आहे. हा दर्यावर्दी याच नगराचा सुपुत्र. पुतळ्याला वळसा घालून प्रवासी जुन्या वस्तीकडे चालू लागला, की साध्या हॉटेलांच्या पाट्या दिसू लागतात.

अशा साध्या हॉटेलाला स्वतःची इमारत क्वचितच असते. एखाद्या जुन्या घराचा दुसरा किंवा तिसरा मजला म्हणजेच हॉटेल. अशा कौटुंबिक हॉटेलांना पूर्वी 'पेन्सिओने' असे नाव होते. आता त्यांच्या पाटीवर एक किंवा दोन तारे असतात. मोठ्या हॉटेलांच्या पाटीवर चार किंवा पाच. खाली भक्कम दरवाजा, त्याच्या बाजूला घंटांची बटणे आणि त्यांतील एका बटणाशेजारी हॉटेलाचे नाव. दार उघडले, की काळ्या पाटीच्या दगडाचा जिना लागतो. हा दगड जवळच्याच डोंगरांत निघतो. नगरातील छपरेही याच दगडाच्या पातळ फरश्यांची आहेत. पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनी जिन्याच्या पायऱ्या मध्यभागी झिजून खोलगट झालेल्या असतात.

वर पोचल्यावर एक मेज, त्यामागे किल्ल्यांचा फळा आणि तेथे बसलेली घराची मालकीण. ती प्रथम पारपत्र मागते. नवख्या माणसाला हा अविश्वास वाटतो. पण तो कायद्याचा भाग आहे. हॉटेलात उतरणाऱ्या प्रत्येकाचे नाव चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळविणे इटलीत मालकावर बंधनकारक आहे. नोंद झाली, की पितळी लोलक लटकविलेली एक जड किल्ली प्रवाशाच्या हाती येते. बाहेर जाताना ती मेजावर ठेवून जायची. किल्ली जड असण्याचे कारण एवढेच, की विसराळू पाहुण्याने ती खिशात घालून दूर देशी नेऊ नये!

खोलीत डामडौल नसतो. लोखंडी पलंग, स्वच्छ पांढरी चादर, एक खुर्ची, भिंतीला हात धुण्याचे भांडे. काही हॉटेलांत स्नानगृह चार खोल्यांना मिळून एकच असते. तेव्हा दुसऱ्याचा विचार करून लवकर आटोपावे लागते. छत मात्र उंच असते. खिडकीला हिरव्या पट्ट्यांची लाकडी झडप असते. दुपारच्या उन्हात ती मिटून घेतली, की खोली गार राहते आणि पट्ट्यांतून वाराही येतो. दाराच्या आतल्या बाजूस बहुधा एक छापील तक्ता लावलेला असतो. त्यावर त्या खोलीचे भाडे लिहिलेले असते. प्रवासी त्याकडे सहसा लक्ष देत नाही. परंतु त्या लहानशा कागदामागे मोठा इतिहास आहे, तो पुढे कळेल.

रात्रीचे जेवण अशा ठिकाणी मिळत नाही. ते बाहेर घ्यावे लागते. गल्लीतील भट्टीवर 'फारिनाता' नावाचा पदार्थ मिळतो. हरभऱ्याचे पीठ पाण्यात कालवून, त्यात तेल व मीठ घालून, तांब्याच्या मोठ्या थाळ्यात पातळ पसरून तो लाकडाच्या भट्टीत भाजतात. महाराष्ट्रातील मुलाने तो चाखला, तर त्याला आईच्या हातच्या बेसनाच्या धिरड्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. सब्जाच्या जातीच्या सुवासिक पानांची 'पेस्तो' नावाची चटणीही याच नगराची. ती संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने वाटतात. सकाळी दुधाच्या कॉफीबरोबर तेल-मीठ लावलेली 'फोकाच्चा' ही जाड रोटी मिळते. जिनोआचे लोक ती कॉफीत बुडवून खातात. पाहुण्याने भुवया उंचावल्या, तरी ते आपली रीत सोडीत नाहीत.

हे लोक मितभाषी व काटकसरी म्हणून इटलीत प्रसिद्ध आहेत. कुरकुर करण्याची त्यांना भारी हौस! तिला त्यांच्या बोलीत 'मुगून्यो' असा खास शब्द आहे. जुन्या काळी जिनोआचे खलाशी म्हणे कमी पगारावर काम पत्करीत, पण कुरकुर करण्याचा हक्क राखून ठेवीत. हॉटेलाची मालकीणही उशिरा आलेल्या पाहुण्यावर दोन शब्द कुरकुरते आणि कुरकुरतच त्याच्यासाठी जास्तीची रजई काढून आणते.

अशा हॉटेलातून सकाळी बाहेर पडावे आणि या नगराने पाहुण्यांना कसे वागविले ते पाहावे. प्रिंचिपे स्थानकापासून थोड्याच अंतरावर समुद्राच्या बाजूला एक जुनी दगडी वास्तू आहे. तिचे नाव 'कोम्मेंदा दि प्रे'. सेंट जॉनच्या पंथातील सरदारांनी ११८० साली ती बांधली. येथून जहाजाने पवित्र भूमीकडे जाणाऱ्या यात्रेकरूंना तेथे आसरा मिळे आणि आजाऱ्यांची शुश्रूषा होई. आपल्याकडील तीर्थक्षेत्रांच्या वाटेवरच्या धर्मशाळेचीच ही सागरकिनाऱ्यावरील बहीण होय.

पुढे जिनोआ व्यापाराने संपन्न झाले. ते स्वतंत्र प्रजासत्ताक होते. तेथे राजा नव्हता, म्हणून परदेशच्या राजांना उतरवून घेण्याजोगा राजवाडाही नव्हता. यावर नगराच्या शासनाने १५७६ साली एक अपूर्व उपाय योजला. धनिकांच्या उत्तम प्रासादांची एक अधिकृत यादी करण्यात आली. अशा याद्यांना 'रोल्ली' म्हणत. प्रासादांच्या योग्यतेप्रमाणे त्यांचे वर्ग पाडले. कोणत्या घराने पोप किंवा सम्राट यांच्यासारख्यांचा सत्कार करावा आणि कोणत्या घराने राजदूतांचा, हे त्या वर्गांवरून ठरे. पाहुणा यावयाचा झाला, की त्या वर्गातील घरांतून चिठ्ठी काढीत. ज्याचे नाव निघे, त्याने सर्व नगराच्या वतीने पाहुणचार करावयाचा! १५७६ ते १६६४ या काळात अशा पाच याद्या झाल्या. रूबेन्स हा थोर चित्रकार या प्रासादांवर इतका लुब्ध झाला, की त्याने १६२२ साली त्यांच्या आराखड्यांचे पुस्तकच प्रसिद्ध केले. 'गारिबाल्दी मार्ग' या रस्त्यावर यांतील अनेक प्रासाद आजही उभे आहेत. त्यांपैकी तुर्सी प्रासादात नगरपालिकेची कचेरी आहे. २००६ साली यांतील बेचाळीस प्रासादांचा समावेश युनेस्कोने जागतिक वारशात केला.

राजांचा पाहुणचार असा थाटात झाला. परंतु दरिद्री पाहुण्याचे काय झाले? तो इतिहास मात्र लज्जास्पद आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील खेड्यांत दारिद्र्य माजले. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे एक कोटी चाळीस लाख माणसांनी पोटासाठी देश सोडला. अमेरिकेला जाणाऱ्या जहाजांचे त्या काळचे एक प्रमुख बंदर जिनोआ होते. शेत-गुरे विकून आलेली ही माणसे गाठोडी घेऊन बंदरावर थांबत. जहाज सुटण्यास कधी कधी कित्येक दिवस लागत. पैसे वाचविण्यासाठी पुष्कळजण पदपथावरच झोपत. जे खानावळीत उतरत, त्यांना काही लोभी मालक हवे तसे नाडीत. भाडे ठरलेले नसे. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला जो आकडा सांगावा, तोच त्याने भरावा. समुद्र दिसण्यापूर्वीच अनेकांच्या तोंडचे पाणी पळे.

अखेरीस १९०१ साली इटलीच्या सरकारने कायदा केला. देशांतर करणाऱ्यांसाठी स्वतंत्र खाते निघाले. अशा उतारूंना ठेवून घेणाऱ्या खानावळींना परवाना आवश्यक झाला आणि निघण्यापूर्वीच्या मुक्कामाचा भार जहाजाच्या मालकांवर टाकण्यात आला. सगळे अन्याय एका दिवसात थांबले नाहीत. पण परक्या माणसाला फसवू नये, ही केवळ दयेची गोष्ट न राहता कायद्याची गोष्ट झाली. खोलीच्या दारामागील भाड्याच्या तक्त्याचे मोल आता कळेल. राजा असो वा मजूर, त्या खोलीचे भाडे तक्त्यावर असेल त्याहून अधिक घेता येत नाही, हेच तो मुकाट्याने सांगत असतो.

याच काळात एदमोंदो दे आमीचिस या लेखकाने १८८६ साली 'क्वोरे', म्हणजे 'हृदय', हे मुलांचे पुस्तक लिहिले. त्यात जिनोआच्या मार्को नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाची कथा आहे. त्याची आई चाकरी करून कर्ज फेडण्यासाठी आर्जेन्टिनात गेलेली असते. तिची पत्रे येईनाशी होतात. तेव्हा मार्को एकटाच जहाजाने तिच्या शोधार्थ निघतो. त्या अफाट देशात आईचा पत्ता बदललेला, जवळचे पैसे संपलेले. अशा वेळी एक वृद्ध इटालियन शेतकरी त्याला एका खानावळीत नेतो. तेथे जमलेले मजूर स्वतः गरीब असतात. तरी ते आपापल्या खिशांत हात घालतात आणि बघता बघता मुलाच्या पुढच्या प्रवासापुरती रक्कम उभी राहते. कथा कल्पित आहे. परंतु परदेशी गेलेल्या लाखो माणसांना अशाच एखाद्या हाताची आशा होती, म्हणून ती घरोघर वाचली गेली.

११८० सालच्या त्या यात्रेकरूंच्या आश्रमात २०२२ साली इटालियन देशांतराचे संग्रहालय उघडले. ज्या वास्तूने एके काळी परक्यांना आसरा दिला, तीच आता परक्या देशी गेलेल्या आपल्या माणसांची हकीकत सांगत आहे.

सायंकाळी प्रवासी आपल्या साध्या हॉटेलात परततो. खिडकीची झडप उघडतो. राखी रंगाच्या छपरांपलीकडे बंदर दिसते आणि १५४३ साली आजच्या रूपात उभारलेल्या 'लान्तेर्ना' या दीपस्तंभाचा प्रकाश पाण्यावर फिरू लागतो. तो प्रकाश येणाऱ्या जहाजाला त्याच्या मालकाचे नाव विचारीत नाही. श्रीमंतांचे गलबत आणि कोळ्याची होडी यांना तो एकाच रीतीने वाट दाखवितो. घर लहान आहे की मोठे, यावर पाहुणचार अवलंबून नसतो. दारी आलेल्या परक्याला योग्य दर, स्वच्छ अंथरूण आणि माणुसकीचा शब्द जेथे मिळतो, ते घर प्रासादाहून उणे नाही.

अभ्यास

१. जिनोआतील घरे उंचीने का वाढली?
२. 'रोल्ली' म्हणजे काय? त्यांची आवश्यकता का निर्माण झाली?
३. खोलीच्या दारामागील तक्त्याला लेखकाने महत्त्व का दिले आहे?
४. देशांतर करणाऱ्या लोकांना बंदरावर कोणते हाल सोसावे लागले? ते दूर करण्यासाठी कोणते उपाय झाले?
५. दीपस्तंभाच्या वर्णनातून पाठाचा कोणता विचार व्यक्त होतो?
६. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा: पाठ टेकणे, हातावर पोट असणे, तोंडचे पाणी पळणे, भुवया उंचावणे.
७. तुमच्या गावात किंवा जवळच्या तीर्थक्षेत्री असलेल्या एखाद्या धर्मशाळेची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.