एकट्याची गडवाट

पुणे जिल्ह्यात राजगड आणि तोरणा हे दोन जुने गड आहेत. रायगडाच्या आधी शिवाजी महाराजांची राजधानी राजगडावर होती. आज वाडे पडले, तट ढासळले. पण दोन्ही गडांना जोडणारी डोंगराची धार तशीच आहे.

एकट्याने जायचे तर तीन दिवसांचा बेत करावा. पहिल्या दिवशी गुंजवणे गावातून राजगड चढावा. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीच्या आळू दरवाजाने उतरून धारेने तोरण्याच्या बुधला माचीवर जावे. तिसऱ्या दिवशी वेल्ह्याला उतरावे. गडावर रात्री राहू देतात का, हे आधी विचारावे. देत नसतील तर मुक्काम गावातच करावा.

धारेवर पाण्याचा भरवसा नाही. पाणी, भाकरी, बॅटरी, पांघरूण जवळ हवे. पावसाळ्यात धुके असते, दगड निसरडे होतात. तेव्हा एकट्याने जाऊच नये.

एकट्याचा पाय मुरगळला तर हाक कोण ऐकणार? मोबाइललाही सगळीकडे रेंज नसते. म्हणून आम्ही सांगतो, निघण्याआधी चिठ्ठी लिहा. नाव, वाट, मुक्काम आणि परतण्याचा दिवस लिहा. एक चिठ्ठी घरी ठेवा, एक पायथ्याच्या गावात द्या. दिवस टळला, तर शोधणाऱ्यांना कुठे जायचे ते कळेल. शिकलेले अक्षर असे जीव वाचवते.

खाली उतरलात की आधी दोन्हीकडे निरोप द्या, मग चहा प्या.

अभ्यास : अशी एक चिठ्ठी आपल्या वहीत लिहा.